आधी चव घेऊ दे

सकपाळ बाई कुठल्याही सिनेमाला चांगला किंवा वाईट म्हणायच्या नाहीत. "अळणी आहे," म्हणायच्या. नाहीतर, "तिखट आहे, पण पाणी जवळ घेऊन बसलं तर चालेल." आणि फारच झालं तर, "नासलंय." नासलंय म्हटलं की विषय संपला, त्यावर अपील नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी जिन्यात हे बोलणं ऐकलं आणि मला हळूच विचारलं, या बाई डबे देतात का, आमच्या मुलाला इथेच ठाकुर्लीत नोकरी लागतेय.

डबे त्या देत नव्हत्या, पण वाढायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. कल्याणच्या एका पालिकेच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. दुपारी खिचडी यायची. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असा नियम होता. पुष्कळ ठिकाणी असा नियम भिंतीवर राहतो आणि खिचडी थेट ताटात पडते. बाई मात्र पर्समध्ये स्वतःचा स्टीलचा चमचा ठेवायच्या आणि पातेल्याच्या तळातला घास काढून खायच्या, कारण वरवरची चव काय, कोणीही घेतं. खाल्ल्यावर थोडा वेळ थांबायच्या. मुलं ताटल्या वाजवायची, तरी थांबायच्या. एकदा खिचडीला रॉकेलचा वास आला, तेव्हा अख्खं पातेलं परत पाठवून त्यांनी भुकेल्या वर्गाला पदरच्या पैशांनी बिस्किटं वाटली. स्वयंपाक करणाऱ्या बायका पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या, आणि बाईंनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

ठाकुर्लीला आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. अंगाने बारीक, पाठ ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि घरातही इस्त्रीची सुती साडी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि येताना जिन्यात भेटेल त्याच्या हातावर खिरीचा द्रोण ठेवायच्या. बोलणं इतकं हळू की ऐकायला माणूस आपोआप पुढे वाकायचा. मी एकदा म्हटलं, वर्गात कसं चालायचं तुमचं? तर म्हणाल्या, "मी ओरडले तर मुलांना ओरडलेलंच ऐकायची सवय लागते. मग साधं बोललेलं ऐकूच येत नाही त्यांना." निवृत्त झाल्या तरी "लाईन करा" हे शब्द काही सुटले नव्हते. पाण्याचा टँकर आला की बाई खाली उतरून नुसतं "लाईन करा" म्हणायच्या, आणि आमचे मराठे, जे सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचे प्रमुख आणि एकमेव सभासद होते, तेसुद्धा बादली घेऊन मुकाट्याने मागे जाऊन उभे राहायचे.

त्यांच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा दिसायचा. बाकी घर लख्ख. शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती, बाजूला पुस्तकं, कुठे धुळीचा कण नाही, आणि मधोमध हा खिळा. त्या भिंतीकडे पाठ करून काकांची खुर्ची. सकपाळ काका रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांचं एकच काम, बातम्या बघणे. कुठेतरी पूल पडला, कुठेतरी सरकार पडलं, काका आपले बघतायत. बोलायचे फार कमी. मी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मला वाटलं, माझा राग आलाय. नंतर कळलं की ते सगळ्यांशीच असे आहेत.

खिळ्याचं मला बाईंनीच सांगितलं, पापड वाळत घालताना, काही न विचारता. त्यांना एक मुलगा होता, मिलिंद. नऊ वर्षांचा असताना कावीळ होऊन गेला. फोटो लावला होता. काकांनी त्याच वर्षी तो उतरवून कपाटात ठेवला, म्हणाले, मला बघवत नाही. आणि फोटोबरोबर नावही बंद झालं. खिळा मात्र बाईंनी काढू दिला नाही.

"मला फोटोचं एवढं नाही ग, मीना," त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून एकदा नाव ऐकायचंय. एवढी वर्षं झाली. असं वाटतं, तो माझ्या एकटीचाच मुलगा होता."

मी पापड उलटवत बसले. त्या दिवसापासून त्यांच्या घरी गेलं की माझी नजर आधी खिळ्यावर जायची.

आता बेडकाचं सांगते. मे महिन्याच्या सुट्टीत दर शनिवारी आमच्या गच्चीवर मुलांसाठी सिनेमा असायचा. पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधायची, मराठ्यांच्या मेव्हण्याचा प्रोजेक्टर आणायचा, सतरंज्या टाकायच्या. मागच्या चाळीतली मुलंही यायची, कारण त्यांना दुसरीकडे कुठे मोठा पडदा बघायला मिळत नव्हता. त्या वर्षी मराठे एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. पाकिटावरच्या चित्रात टोपी घातलेला गुबगुबीत बेडूक हसत होता. कोणीतरी विचारलं, बघितलाय का तुम्ही? मराठे म्हणाले, अहो, कार्टून आहे, त्यात बघायचंय काय.

मुलं दोन तास एका जागी बसणार म्हटल्यावर आयांनी खाली पावभाजीची तयारी काढली. गच्चीवर मराठे, मागे खुर्चीवर बाई, आणि पुढे मुलांचा घोळका. मी नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे; कामावरून आले ती पर्ससकट थेट वर गेले, माझी मुलगी ईशा तिथे होती म्हणून. सुरुवातीला बेडूक गाणं म्हणत होता, मुलं टाळ्या वाजवत होती. मग बेडकाने दारूचं दुकान उघडलं. मग एक बेडकीण आली आणि तिचं वागणं काही बेडकिणीला शोभणारं नव्हतं. इंग्रजी इतकं भरभर होतं की मराठ्यांना त्यातल्या शिव्या कळत नव्हत्या. ते कौतुकाने हसत होते. आणि मग बेडकाने सुरी काढली.

ईशाने वळून विचारलं, "काका, तो आजीला का कापतोय?"

"खोटं असतं ग ते," मराठे म्हणाले. "कार्टून आहे."

बाई उठल्या. ओरडल्या नाहीत, की मराठ्यांना काही बोलल्या नाहीत. चालत गेल्या आणि प्रोजेक्टरच्या उजेडात उभ्या राहिल्या. चादरीवर बेडूक दिसेना, बाईंची सावली दिसायला लागली, अंबाड्यासकट. "मुलांनो, लाईन करा," त्या म्हणाल्या, "पावभाजी झालीय." पावभाजी झालेली नव्हती, पण मुलं उठली. मराठ्यांनी तेवढ्यात बटण शोधलं.

ईशा पुढे कितीतरी दिवस माझ्या आईजवळ एकटी बसायची नाही. आजीकडे बघत राहायची, दाराकडे बघत राहायची. आईला वाटलं, आपलं काही चुकलं का. मला मराठ्यांचा असा संताप आला होता की विचारू नका.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सगळ्यांचं एकच मत, गच्चीवरचा सिनेमा बंद. मराठे तर म्हणाले, यापुढे चित्रकलेची स्पर्धा ठेवू. बाई शेवटी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शाळेत खिचडीला रॉकेलचा वास आला तेव्हा आम्ही खिचडी बंद केली नाही. खिचडी बंद केली असती तर काही मुलं दिवसभर उपाशी राहिली असती. चव नीट घ्यायला लागलो, एवढंच. "त्या दिवशी मीही मागे बसले होते," त्या म्हणाल्या. "चित्रांचं आहे म्हणून मीही निर्धास्त होते. आता आधी मी चव घेईन. मग वाढा." सिनेमा चालू राहिला.

आणि त्यांनी ते काम शाळेसारखंच मनावर घेतलं. मी त्यांच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून द्यायचे. बाई खुर्चीवर ताठ बसायच्या. चहा नाही, निवडायला भाजी नाही. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायच्या, कारण गाण्यांच्या नादात डोळे फसतात. मग आवाज लावून पुन्हा. पुढे पळवायचं नाही. आणि डुलकी घ्यायची नाही, हा सगळ्यात कडक नियम. दुपारच्या वेळी, पोटात वरणभात असताना, चार रंगीत ससे तासभर उड्या मारताना बघणं म्हणजे काय शिक्षा आहे ते मला विचारा. माझी मान कलंडली की त्या म्हणायच्या, "मीना, तू घरी जाऊन झोप. चव घेणारा झोपला तर मग कोणाच्या भरवशावर वाढायचं?"

लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की नासकं थोडं असतं आणि अळणी फार. नुसती पळापळ आणि किंकाळ्या. "रंग भरपूर टाकलाय, मीठच नाही," म्हणायच्या. तिखटाची त्यांना भीती नव्हती. एका सिनेमात कासवाचे आजोबा मरतात म्हणून मराठे घाबरले, तर बाई म्हणाल्या, मरू दे, मी मध्ये बसते. बसल्या. आजोबा गेले तेव्हा रडणारी सगळी पोरं त्यांच्या पदराला लोंबकळली. संपल्यावर त्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं आणि आपापल्या आजोबांची नावं विचारली. मुलांनाही ते शब्द आवडायला लागले होते. जिन्यात भेटली की विचारायची, बाई, शनिवारचा गोड आहे की तिखट?

लिफ्टमध्ये एखादं पोर मोबाईलवर कार्टून बघत असलं की बाई वाकायच्या. "काय आहे बघू. आधी चव घेऊ दे मला." आयांना ते खटकायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने तर तोंडावर म्हटलं, बाई, ससा आहे हो, आकडे शिकवतो. बाईंनी शांतपणे मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला. आकडे शिकवणारा ससा केव्हाच संपला होता, आपोआप पुढचं लागलं होतं आणि त्यात दुसराच ससा भलतंच शिकवत होता. ती बिचारी लिफ्ट थांबली तरी उतरायची विसरली.

ईशाच्या वाढदिवसाला आम्ही तिघी ठाण्याच्या एका मॉलमध्ये सिनेमाला गेलो. शेजारच्या दाराशी गोंधळ चालला होता. पोस्टरवर गुलाबी हत्ती, हातात फुगा, आणि कोपऱ्यात ए हे अक्षर. एक गृहस्थ दोन लहान मुलं घेऊन आत जायला निघालेले, आणि दारावरचा मुलगा सोडत नव्हता.

"सर, ए आहे. बच्चे अलाऊड नाहीत."

"अरे, ए म्हणजे ॲनिमेशन," गृहस्थ म्हणाले. "कार्टूनला वयाची अट? उद्या म्हणाल बडबडगीताला पॅन कार्ड लागतं."

मुलं रडायला लागली होती. बाई जवळ गेल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, तुम्ही बघितलाय का? गृहस्थ म्हणाले, नाही, पण कार्टून आहे ना.

"मग कार्टून आहे म्हणू नका. बघितलं नाही म्हणा."

गृहस्थ तिकिटं बदलून घेऊन आमच्या रांगेत येऊन उभे राहिले. आणि बाईंनी काय करावं? आम्हाला म्हणाल्या, तुम्ही दोघी जा, मी हत्तीला जाते. तिकीट काढून खरंच एकट्या आत गेल्या.

नंतर नौपाड्यात साबुदाणा वडा खायला बसलो, तर बाई वडा पुढ्यात घेऊन नुसत्याच बसल्या. मी विचारलं, नासलं होतं का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाल्या, तो हत्ती मुलांचा नव्हताच. दारू पितो, बायको सोडून जाते, मग पावलोपावली तिच्याशी मनात भांडतो. पण वाईट नव्हता. "खरा माणूस पडद्यावर रडायला लागला की मला उठून जावंसं वाटतं बघ. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं. हत्ती रडला, तर मी बसून राहिले." मग वडा खाल्ला, माझ्या चटणीसकट.

तेव्हापासून त्यांना मोठ्यांच्या कार्टूनचा नाद लागला. कुठल्या कुठल्या देशांतले, हाताने रंगवलेले, ज्यात कोणी कोणाला मारत नाही आणि फारसं बोलतही नाही, असे सिनेमे मी त्यांना शोधून द्यायचे. एकट्याने बघून त्यांचं समाधान होईना. खालच्या बाकावर बसणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना त्यांनी आग्रह केला, पौर्णिमेला गच्चीवर या, तुमच्यासाठी लावते. मंडळी हसली. एक म्हणाले, आता काय, बालवाडीत नाव घालू का पुन्हा? ज्यांनी बेडूक मुलांचा म्हणून खपवला, त्याच लोकांना आता मोठ्यांचं काही चित्रांत असू शकतं हे पटत नव्हतं. माझं डोकं फिरलं. बाई म्हणाल्या, असू दे.

सगळ्यात पक्का नकार घरचाच होता. "कार्टून पोरांचं असतं," काका म्हणायचे आणि बातम्यांचा आवाज वाढवायचे. तसंही घरात लहान मुलांसारखं काही आलेलं त्यांना आवडत नसे. आम्ही सशांची चव घेत असलो की ते खुर्ची सोडून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभे राहायचे. का, ते मला माहीत होतं, आणि म्हणून मी कधी काही बोलले नाही.

मग बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आमच्याच डॉक्टरांकडे. काळा चश्मा लावून घरी आल्या. त्या शनिवारी मी ड्रॉप्स घालायला गेले, तर बाई म्हणाल्या, लॅपटॉप आण, बगळ्यांचा लाव. तो सिनेमा मीच त्यांना आणून दिला होता आणि तो त्यांनी महिन्याभरात दोनदा बघितला होता. मुलांचा तो अजिबात नव्हता. मी काही म्हणायच्या आत त्या काकांना सांगायला लागल्या, की आज गच्चीवर हा लावायचाय, चव घ्यायची राहिलीय, आणि डॉक्टरांनी मला टीव्ही बघायला बंदी केलीय.

डॉक्टरांनी अशी कुठलीही बंदी केलेली नव्हती. सूचनांचा कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"तुम्ही बघा आणि मला सांगत जा," त्या काकांना म्हणाल्या. "नुसतं सांगायचं काय दिसतंय ते. पोरांचंच आहे. तासाभराचं."

काका कुरकुरले. मीना आहे ना, म्हणाले. बाई म्हणाल्या, मीना झोपते. ते खरंच होतं. शेवटी बातम्या बंद झाल्या.

सिनेमा होता खाडीकाठच्या बगळ्यांच्या एका जोडीचा. काका वर्कशॉपातल्या बिघाडाची तक्रार नोंदवावी तसे सांगत होते. झाड आहे. घरटं आहे. पिल्लू एक. पाऊस फार पडतोय. वारा सुटलाय. मग जरा वेळ ते काही बोलले नाहीत.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पिल्लू नाहीये," काका म्हणाले. "घरटं आहे. ती बसलीय घरट्यात."

"आणि तो?"

"तो फांदीच्या टोकाला. पाठ करून."

पुढचा सगळा सिनेमा तो बगळा तसाच पाठ करून बसतो. ऊन येतं, थंडी येते. मादी मासा आणते, मागून त्याच्या चोचीशी धरते, तो खातो, पण वळत नाही. काका सांगत होते, आणि सांगताना मध्ये मध्ये थांबत होते. बाईंचं तोंड टीव्हीकडे नव्हतं. काळ्या चश्म्यातून त्या सरळ काकांकडे बघत होत्या. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना, आणि उठायचा धीरही होईना.

"अजून तसाच बसलाय?" बाईंनी विचारलं.

"हो."

"का बसलाय असा?"

पडद्यावर मादी घरट्यातली एकेक काडी सरळ करत होती. मग तो बगळा हळूहळू वळला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. एवढंच. पुढे नावं यायला लागली.

"वळला," काका म्हणाले. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग भलत्याच गोष्टीची चूक काढावी तसे म्हणाले, "मिलिंदला बगळे आवडायचे नाहीत. त्याला बदकं आवडायची."

बाई हलल्या नाहीत. माझ्या मनगटावरचा हात मात्र सुटला.

"काळ्या तलावावर न्यायचो त्याला," काका म्हणाले. "शिफ्ट सुटल्यावर. तुला सांगायचो भाजी आणायला जातोय."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "भाजी कधीच आणायचा नाहीत तुम्ही."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा टाकला. तिथे ओट्याशी उभी राहून मी भरपूर रडले, आणि चहा उतू गेला तो पुसला. बाहेर येऊन बघते तर काका खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि बाईंना विचारत होते, खिळा ढिला झालाय का ग, हातोडी कुठेय. फिटर माणूस, त्यांना ते राहवलं नाही. फोटो त्यांनीच कपाटातून काढला, साड्यांच्या घडीतून. कान मोठे असलेला, शाळेच्या गणवेशातला मुलगा. फोटो सरळ आहे की नाही ते त्यांनी चारचारदा मागे येऊन बघितलं. पुढच्या आठवड्यात टीव्हीही त्याच भिंतीवर आला, फोटोच्या खाली.

गच्चीवर त्या शनिवारी बगळे लावले नाहीत. मुलांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, ते मोठ्यांचं होतं. मोठ्यांना वाढून झालं.

नंतर जिन्यात मी त्यांना चिडवलं, बाई, खोटं बोललात, पोरांचं म्हणून मोठ्यांचं वाढलंत, मराठ्यांनी याहून वेगळं काय केलं होतं? त्या थांबल्या, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, मराठ्यांनी चव घेतली नव्हती. मी दोनदा घेतली होती.

या गोष्टीनंतर बाई आमच्यात फार वर्षं राहिल्या नाहीत. हृदयाचं दुखणं होतं, हळूहळू थकत गेल्या. जिने चढणं-उतरणं बंद झालं, टँकरच्या रांगेत मराठेच "लाईन करा" म्हणायला लागले आणि त्यांचं कोणी ऐकेना. चव घेणं मात्र बाईंनी सोडलं नाही.

बाई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. मे महिना होता. शनिवारच्या सिनेमाचं काय ते विचारायला मी गेले. दार नुसतं लोटलेलं. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद करून, पहिल्या फेरीचा नियम पाळून. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. बाई इस्त्रीच्या साडीत बसल्या होत्या, मान काकांच्या खांद्यावर, अंबाडा जरा सुटलेला, आणि त्या गाढ झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत चव घेताना त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. काका खांदा न हलवता ताठ बसले होते. पडद्यावर कसलंसं अस्वल होतं, वर मिलिंदचा फोटो.

मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"झोपू दे तिला," ते हळूच म्हणाले. "मी बघतोय."

मी तितक्याच हळू विचारलं, कसं आहे?

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तिखट आहे जरा," ते म्हणाले. "पण लावा. मी बसेन मुलांजवळ."